बर्गामॉट : सुगंध, उपचार आणि सूर्यप्रकाश

घरात कोणाला ताप चढला की कोलनवॉटरमध्ये भिजवलेल्या घड्या त्याच्या कपाळावर ठेवण्याची पद्धत आपल्याकडे अनेक घरांत होती. त्या घडीचा गारवा मद्यार्काच्या बाष्पीभवनामुळे येतो. परंतु तिच्याबरोबर येणारा, किंचित आंबूस आणि किंचित फुलांसारखा असा जो प्रसन्न वास रुग्णाला हुशारी देतो, तो कोलनवॉटरच्या मूळ कृतीत मुख्यतः एका फळाच्या सालीपासून आलेला असतो. या फळाचे नाव बर्गामॉट. आपल्या बाजारात हे फळ दिसत नाही. मात्र त्याचा वास आपल्यापैकी पुष्कळांनी नकळत घेतलेला असतो. ‘अर्ल ग्रे’ या नावाने विकल्या जाणाऱ्या चहालाही याच फळाच्या तेलाचा वास दिलेला असतो.

सुगंधोपचार करणाऱ्यांच्या दृष्टीने बर्गामॉटचे तेल हे अत्यंत महत्त्वाच्या तेलांपैकी एक होय. मनाची अस्वस्थता, उदासीनता आणि निद्रानाश यांवर ते गुणकारी असल्याचे सांगितले जाते. तेल नैसर्गिक असल्यामुळे ते निरुपद्रवी असलेच पाहिजे, असेही पुष्कळांना वाटते. या दोन्ही समजुती तपासून पाहण्याजोग्या आहेत. त्यासाठी प्रथम हे फळ कोठे पिकते, त्याच्या सालीतून तेल कसे निघते आणि त्या तेलात काय काय असते, हे समजून घेतले पाहिजे.

फळ आणि त्याची भूमी

लिंबू, संत्रे, मोसंबे, पपनस, महाळुंग ही सर्व फळे वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने सिट्रस या एकाच प्रजातीत मोडतात. या प्रजातीचे मूळ स्थान हिमालयाच्या आग्नेय पायथ्याशी, म्हणजे पूर्व आसाम, उत्तर म्यानमार आणि चीनच्या युनान प्रांताचा पश्चिम भाग या प्रदेशात असावे, असा निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक अभ्यासातून निघाला. तेथून ही फळे पूर्वेस व पश्चिमेस पसरली. आंबट नारिंगाचे झाड अरबांनी भूमध्य समुद्राच्या काठी नेले. संस्कृतातील ‘नारंग’ हा शब्दही फळाबरोबर प्रवास करीत फारसी व अरबी भाषांतून युरोपात गेला आणि इटालियन भाषेत त्याचे ‘अरांचा’ असे रूप झाले.

बर्गामॉट मात्र रानात उगवणारे फळ नव्हे. ते एक संकरज फळ असून आंबट नारिंग आणि लेमन यांच्या संकरातून ते निर्माण झाले आहे. लेमन म्हणजे आपले कागदी लिंबू नव्हे. ते त्याहून मोठे, लांबट व जाड सालीचे पिवळे लिंबू होय. बर्गामॉटचे फळ साधारण संत्र्याएवढे असते. त्याचा आकार गोल किंवा काहीसा पेअरच्या फळासारखा असतो. साल प्रथम हिरवी व पिकल्यावर पिवळी होते. रस आंबट आणि कडवट असल्यामुळे हे फळ सोलून खाण्याजोगे नसते. त्याचे सारे मोल त्याच्या सालीत असते.

इटलीचा नकाशा बुटासारखा दिसतो, हे आपण शाळेत शिकलेले असतो. त्या बुटाच्या अगदी टोकाशी कालाब्रिया हा प्रांत आहे. त्यातील रेज्जो कालाब्रिया या शहराच्या दोन्ही बाजूंना, आस्प्रोमोन्ते पर्वत आणि समुद्र यांच्यामध्ये, सुमारे १५० किलोमीटर लांबीची एक अरुंद किनारपट्टी आहे. जगातील बर्गामॉटचे बहुतांश उत्पादन या एवढ्याशा पट्टीत होते. येथे १७५० साली निकोला पारिसी याने बर्गामॉटची पहिली पद्धतशीर बाग लावली, असे मानले जाते. हे झाड बी लावून वाढवीत नाहीत. आंबट नारिंगाच्या खुंटावर त्याचे कलम करतात. फेम्मिनेल्लो, कास्तान्यारो आणि फांतास्तिको असे त्याचे तीन प्रमुख वाण आहेत. आफ्रिकेतील आयव्हरी कोस्ट या देशातही त्याची लागवड होते. परंतु सुगंध-व्यवसायात कालाब्रियाच्या तेलालाच विशेष मान आहे. २००१ साली युरोपीय संघाने रेज्जो कालाब्रियाच्या बर्गामॉट तेलाच्या नावाला संरक्षण दिले. तेव्हापासून त्या प्रदेशात निघालेल्या तेलालाच ते नाव लावता येते.

या तेलाची कीर्ती युरोपभर पसरवली ती जोहान मारिया फारिना या इटालियन सुगंधकाराने. जर्मनीतील कोलोन शहरात फारिना कुटुंबाच्या पेढीची स्थापना १७०९ साली झाली. मद्यार्कात बर्गामॉट व इतर लिंबूवर्गीय तेले मिसळून त्याने तयार केलेल्या सुगंधी जलाला त्याने आपल्या या नव्या शहराचे नाव दिले. तेच पुढे ‘ओ द कोलोन’ आणि आपल्याकडे ‘कोलनवॉटर’ झाले.

सालीतून तेल

संत्र्याच्या ताज्या सालीचा तुकडा दुमडून मेणबत्तीच्या ज्योतीजवळ दाबला, तर सालीतून सूक्ष्म तुषार उडतात आणि ज्योतीत क्षणभर ठिणग्या फुलतात. हा प्रयोग वाचकांनी लहानपणी केला असेल. उडणारे ते तुषार म्हणजे संत्र्याचे बाष्पनशील तेल होय. सालीच्या बाहेरच्या रंगीत थरात बारीक ग्रंथी असतात आणि त्यांमध्ये हे तेल साठवलेले असते. बर्गामॉटच्या सालीचीही रचना अशीच आहे. त्यामुळे त्याचे तेल मिळविण्यासाठी उष्णतेची गरज पडत नाही. ग्रंथी फोडल्या म्हणजे पुरते.

पूर्वी हे काम संपूर्णपणे हाताने होत असे. फळाचे दोन भाग करून आतील गर कोरून काढीत. मग अर्धगोल साल पाण्यात भिजवून समुद्रातून काढलेल्या नैसर्गिक स्पंजांवर दाबून फिरवीत. ग्रंथी फुटून निघालेले तेल स्पंज शोषून घेई. स्पंज भरला की तो मातीच्या भांड्यात पिळीत. भांडे काही काळ स्थिर ठेवले की पाणी खाली राही आणि तेल वर तरंगे. १८४४ साली निकोला बारिल्ला याने यासाठी एक यंत्र तयार केले. ते ‘कालाब्रियन यंत्र’ म्हणून प्रसिद्ध झाले. आजच्या यंत्रांत संपूर्ण फळाची साल पाण्याच्या फवाऱ्याखाली खरवडली जाते आणि तेल व पाणी यांचे मिश्रण वेगाने फिरवून ती दोन्ही वेगळी केली जातात. तोडणी नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत चालते. आरंभीच्या कच्च्या फळांचे तेल हिरवे असते, तर हंगामाच्या शेवटी ते पिवळसर तपकिरी होते. सुमारे २०० किलोग्रॅम फळांपासून केवळ १ किलोग्रॅम तेल मिळते.

थंड अवस्थेत पिळून तेल काढण्याच्या या पद्धतीचा एक परिणाम येथेच लक्षात घेतला पाहिजे. गुलाब किंवा गवती चहा यांचे तेल वाफेच्या साह्याने ऊर्ध्वपातनाने काढतात. त्या वेळी जे पदार्थ वाफेबरोबर उडू शकतात तेवढेच तेलात उतरतात. याउलट साल दाबून काढलेल्या तेलात न उडणारे, जड रेणूही येतात. बर्गामॉटच्या गुणदोषांचे मर्म या फरकात आहे.

तेलाची घडण

बर्गामॉट तेलात शेकडो पदार्थ असले तरी त्याचा बराचसा भाग थोड्याच पदार्थांनी व्यापलेला असतो. लिमोनीन हा संत्र्या-लिंबांच्या सालीत सर्वत्र आढळणारा पदार्थ त्यात साधारणपणे २५ ते ५० टक्के असतो. लिनॅलिल ॲसिटेट या एस्टरचे प्रमाण १५ ते ४० टक्के आणि लिनॅलूल या अल्कोहॉलचे २ ते २० टक्के असते. लव्हेंडरच्या तेलातही हेच दोन पदार्थ प्रमुख असतात. लिंबाच्या तरतरीत वासात फुलांचा मऊपणा मिसळल्याचा जो भास बर्गामॉटमध्ये होतो, त्याचे कारण हेच होय.

तेल महाग असल्यामुळे त्यात भेसळही होते. कारखान्यात तयार केलेले लिनॅलूल व लिनॅलिल ॲसिटेट स्वस्त तेलात मिसळून ते बर्गामॉट म्हणून विकणे कठीण नसते. ही भेसळ ओळखण्याची एक सुंदर युक्ती रसायनशास्त्राने दिली आहे. लिनॅलूलचा रेणू डावा हात आणि उजवा हात यांच्याप्रमाणे परस्परांची आरशातील प्रतिमा असलेल्या दोन रूपांत असू शकतो. बर्गामॉटच्या सालीत यांपैकी जवळजवळ एकच रूप तयार होते, तर सामान्य कृत्रिम लिनॅलूलमध्ये दोन्ही रूपे सारख्या प्रमाणात असतात. दोन्ही रूपे वेगळी करून मोजली की भेसळ उघड होते.

तेलातील न उडणाऱ्या भागाचे प्रमाण सुमारे ४ ते ७ टक्के असते. त्यात कुमारिन व फ्युरोकुमारिन या गटांतील पदार्थ असतात. बर्गाप्टेन आणि बर्गामॉटिन या दोघांची नावेच बर्गामॉटवरून पडली आहेत. बर्गाप्टेनचे तेलातील प्रमाण एक टक्क्याहूनही कमी असते. त्याला वास नसतो. तरीही त्वचेच्या दृष्टीने तेलातील हा सर्वांत महत्त्वाचा पदार्थ आहे.

सुगंधोपचाराचा उगम

सुगंधी द्रव्यांचा औषधी उपयोग प्राचीन असला, तरी ‘आरोमाथेरापी’ हा शब्द विसाव्या शतकातील आहे. रने-मोरिस गॅटफोसे हा फ्रान्समधील लिऑन शहराचा रसायनज्ञ होता. १९१० साली प्रयोगशाळेतील स्फोटात त्याचे हात भाजले. जखमा चिघळल्यावर त्याने त्यांवर लव्हेंडर तेल वापरले आणि त्या बऱ्या झाल्या. या अनुभवाने प्रेरित होऊन त्याने पुढे बाष्पनशील तेलांचा अभ्यास केला आणि १९३७ साली ‘आरोमातेरापी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्यानंतर झां व्हाल्ने या फ्रेंच डॉक्टराने हा विषय पुढे नेला. तेले मोठ्या प्रमाणात वनस्पती तेलात विरळ करून त्यांनी अंग चोळण्याची पद्धत मार्गरीट मोरी यांनी रूढ केली. आज सुगंधोपचार म्हणून आपण जे पाहतो, ते बव्हंशी याच पद्धतीचे रूप होय.

सुगंधाचा मनावर परिणाम व्हावा, यात शास्त्रदृष्ट्या काही असंभाव्य नाही. नाकातील गंधग्राहक पेशींकडून निघालेले संदेश मेंदूच्या ज्या भागांत लवकर पोचतात, त्यांचा भावना व स्मृती यांच्याशी निकटचा संबंध आहे. एखाद्या वासाबरोबर बालपणीचा प्रसंग एकदम आठवतो, तो यामुळेच. शिवाय तेलातील रेणू शरीरातही शिरतात. १९९२ सालच्या एका प्रयोगात लव्हेंडर तेलाने अंग चोळल्यानंतर काही मिनिटांतच लिनॅलूल व लिनॅलिल ॲसिटेट रक्तात आढळले. परंतु एखादा परिणाम शक्य असणे आणि तो सिद्ध होणे या भिन्न गोष्टी आहेत.

कसोटीवर

तैवानमधील ५४ प्राथमिक शिक्षकांवर केलेला एक प्रयोग २०११ साली प्रसिद्ध झाला. बर्गामॉटचा वास दहा मिनिटे घेतल्यानंतर त्यांचा रक्तदाब व नाडीचे ठोके उतरल्याचे त्यात आढळले. जपानमधील ४१ निरोगी स्त्रियांवरील २०१५ सालच्या प्रयोगात, बर्गामॉटमिश्रित वाफेचा वास घेतल्यावर लाळेतील कॉर्टिसॉल या ताणाशी निगडित संप्रेरकाचे प्रमाण कमी झालेले दिसले. हे निष्कर्ष उत्साहवर्धक आहेत. मात्र अशा प्रयोगांना मर्यादा असतात. दहा मिनिटे स्वस्थ बसण्यानेही रक्तदाब उतरतो. शिवाय सुगंधाच्या प्रयोगात एक मूलभूत अडचण असते. गोळीच्या जागी तशीच दिसणारी निरुपयोगी गोळी देता येते. पण वास येतो आहे की नाही, हे रुग्णापासून लपविता येत नाही.

ही अडचण लक्षात घेऊन केलेले दोन प्रयोग विशेष बोधप्रद आहेत. पहिला ऑस्ट्रेलियात झाला व २००३ साली प्रसिद्ध झाला. किरणोपचार घेणाऱ्या ३१३ कर्करुग्णांचे तीन गट करण्यात आले. एका गटाला लव्हेंडर, बर्गामॉट व सीडार यांच्या शुद्ध तेलांचा वास देण्यात आला, दुसऱ्याला त्याच तेलांच्या हलक्या प्रतीचा, तर तिसऱ्याला केवळ वाहक तेल देण्यात आले. उपचारांच्या अखेरीस चिंतेचे प्रमाण सर्वांत कमी आढळले ते तिसऱ्या गटात, म्हणजे ज्यांना सुगंधी तेल मिळालेच नव्हते त्या रुग्णांत. दुसरा प्रयोग अमेरिकेत झाला व २०१२ साली प्रसिद्ध झाला. मूलपेशी शरीरात सोडण्याचा उपचार घेणाऱ्या ३७ मुलांपैकी काहींना बर्गामॉट तेलाचा आणि काहींना दुसऱ्या एका साध्या सुवासिक द्रव्याचा वास देण्यात आला. उपचारानंतर एका तासाने बर्गामॉट गटातील मुलांमध्ये चिंता आणि मळमळ ही दोन्ही अधिक आढळली.

यावरून बर्गामॉट सर्वथा निरुपयोगी आहे, असे म्हणणे योग्य ठरणार नाही. निरोगी माणूस दिवसभराच्या श्रमानंतर विसावा घेत असता एखादा आवडता वास त्याला प्रसन्न करतो, ही गोष्ट खरी आहे आणि तिला मोल आहे. परंतु गंभीर आजाराने आणि भीतीने ग्रासलेल्या माणसाला तोच वास सुखकर वाटेल, असे गृहीत धरता येत नाही. खोल नैराश्यावर औषधाऐवजी या तेलावर विसंबणे तर सर्वस्वी अनुचित होय.

सूर्यप्रकाशाची गाठ

आता त्या गंधहीन बर्गाप्टेनकडे वळू. १९१६ साली फ्रॉइंड नावाच्या वैद्याने काही रुग्णांच्या मानेवर व अंगावर चमत्कारिक तपकिरी पट्टे पाहिले. या रुग्णांनी कोलनवॉटर लावले होते आणि नंतर ते उन्हात बसले होते. द्रव जेथून ओघळला, नेमके तेथेच ओघळाच्या आकाराचे डाग उमटले होते. गळ्यातील लोलकासारख्या या आकारामुळे, दागिन्याच्या लोलकाला असलेल्या फ्रेंच शब्दावरून, या विकाराला पुढे ‘बर्लोक’ त्वचादाह असे नाव पडले.

याची कारणमीमांसा अशी. बर्गाप्टेनचा चपटा रेणू त्वचेतील पेशींच्या केंद्रकात शिरून डीएनएच्या जिन्यासारख्या रचनेत दोन पायऱ्यांच्या मध्ये जाऊन बसतो. अंधारात तो तेथे फारसे काही करीत नाही. परंतु सूर्यप्रकाशातील जंबुपार किरण, म्हणजे जांभळ्या रंगापलीकडचे अदृश्य किरण, त्याच्यावर पडले की तो क्रियाशील होऊन डीएनएला घट्ट चिकटतो. पेशींना इजा होते. एक-दोन दिवसांत त्वचा लाल होते, कधी फोड येतात आणि नंतर उमटलेला काळसर डाग कित्येक महिने राहतो. सावळ्या त्वचेवर असे डाग अधिक काळ टिकतात. म्हणून प्रखर उन्हाच्या आपल्या देशात ही गोष्ट दुर्लक्षिण्याजोगी नाही. अशा इजा वारंवार होण्यात आणखीही एक धोका आहे. जंबुपार किरणांच्या जोडीने बर्गाप्टेन मनुष्याला बहुधा कर्ककारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मानले आहे.

भारतीय वाचकाला या क्रियेत काहीतरी परिचित वाटेल. आयुर्वेदात श्वित्रावर, म्हणजे कोडावर, बावचीचे बी वापरतात. बावचीचे तेल पांढऱ्या डागाला लावून रुग्णाला उन्हात बसवण्याची रीत जुनी आहे. १९३३ साली जोइस, मंजुनाथ आणि वेंकटराव या भारतीय रसायनज्ञांनी बावचीच्या बियांतून सोरालेन हा पदार्थ वेगळा केला. बर्गाप्टेन हा त्याच सोरालेनच्या कुटुंबातील रेणू आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सोरालेन आणि जंबुपार किरण यांच्या संयुक्त वापरातून कोड व सोरायसिस यांवरील उपचारपद्धती विकसित झाली. म्हणजे जी क्रिया अजाणता घडली असता त्वचा डागाळते, तीच वैद्याने मोजून-मापून घडविली असता उपचार ठरते. फरक पडतो तो मात्रा आणि ज्ञान यांमुळे.

पोटात गेल्यावरही हे पदार्थ निष्क्रिय राहत नाहीत. २००२ साली ऑस्ट्रियातील एका ४४ वर्षांच्या गृहस्थांचा वृत्तान्त वैद्यकीय नियतकालिकात आला. ते दिवसाला चार लिटरपर्यंत चहा पीत. साधा चहा सोडून त्यांनी अर्ल ग्रे घेण्यास आरंभ केला आणि त्यांच्या स्नायूंत पेटके येऊ लागले. पुन्हा साध्या चहाकडे वळल्यावर पेटके थांबले. दिवसाचे एक-दोन कप घेणाऱ्याने यामुळे घाबरण्याचे कारण नाही. मात्र शुद्ध तेलाचे थेंब पाण्यात घालून पिण्याचा मोह टाळलाच पाहिजे. ग्रेपफ्रूटच्या रसातही आढळणारे बर्गामॉटिन आतड्यातील एका विकराला रोखते आणि त्यामुळे काही औषधांचे रक्तातील प्रमाण वाढू शकते, हेही ध्यानात ठेवावे.

वापरताना

त्वचेवर लावून ठेवण्याच्या पदार्थांत पिळून काढलेल्या बर्गामॉट तेलाचे प्रमाण ०.४ टक्क्यांहून अधिक असू नये, अशी मर्यादा सुगंध-उद्योगाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने घातली आहे. घरगुती मापाने सांगायचे तर १०० मिलिलिटर तिळाच्या किंवा खोबरेल तेलात साधारण ८ थेंब. याहून अधिक प्रमाणात तेल लावले गेल्यास निदान १२ तास तो भाग उन्हात उघडा ठेवू नये. बर्गाप्टेन काढून टाकलेले तेलही बाजारात मिळते. त्याच्या कुपीवर ‘फ्युरोकुमारिनविरहित’ अशा अर्थाची नोंद किंवा ‘एफसीएफ’ ही अक्षरे असतात. त्वचेसाठी तेच घेणे शहाणपणाचे होय. वास घेण्यासाठी मात्र कोणतेही शुद्ध तेल चालते, कारण बर्गाप्टेन हवेत उडत नाही. हवेशीर खोलीत दोन-तीन थेंब पुरतात. दमेकऱ्याला वास सहन होत नसल्यास तो टाळावा.

तेल जुने झाले की त्यातील लिमोनीन व लिनॅलूल यांचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होतो आणि त्वचेला खाज आणणारे पदार्थ तयार होतात. म्हणून कुपी गडद रंगाची असावी, बूच घट्ट असावे आणि ती थंड जागी मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी.

‘नैसर्गिक’ या शब्दाने आपण सहज आश्वस्त होतो. परंतु बर्गामॉटच्या तेलात त्वचेला पोळविणारा जो घटक आहे, तो कोणी बाहेरून मिसळलेला नसतो. तो त्या सालीतच तयार होतो. शुद्धात शुद्ध तेलातही तो असतो. तेलाची शुद्धता ही एक गोष्ट झाली आणि त्याची निरुपद्रविता ही दुसरी. हा भेद ज्याला कळला, त्याने कालाब्रियाच्या या फळाचा सुगंध निःशंक मनाने घ्यावा. आणि त्याचे तेल अंगाला लावण्यापूर्वी मात्र थेंब मोजावे आणि उन्हाची वेळ पाहावी.